होमस्कूलिंगची सवलत: शिक्षक म्हणून की विद्यार्थी म्हणून?

लॅपटॉप किंवा सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की होमस्कूलिंग करणारे पालक आधी ‘एज्युकेशन प्राइस’चं पान उघडतात, आणि घोळ तिथेच होतो. ‘मी घरी शिकवते, म्हणजे शिक्षिकाच की,’ असं धरून टीचरवर टिक होते आणि अर्ज परत येतो. शिक्षक-सवलत आणि विद्यार्थी-सवलत एकाच पानावर असतात, बऱ्याचदा भावही सारखाच असतो. पण पहिली नोकरीवर मिळते, दुसरी प्रवेशावर. घरी प्रत्यक्ष कोण शिकवतं, याच्याशी दोन्हींना देणंघेणं नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून गोंधळ आणखी वाढतो. तिकडे ॲपलच्या नियमात होमस्कूल शिक्षकाचा उल्लेख आहे. कॅलिफोर्नियात पालक राज्याकडे खासगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरतात, म्हणजे दाखवायला कागद असतो. आपल्याकडे होमस्कूलिंगची सरकारदरबारी नोंदणीच नाही, त्यामुळे आईला शिक्षिका ठरवणारा कागद निघणार कुठून? घरचं लेटरहेड छापून स्वतःच मुख्याध्यापक व्हायच्या भानगडीत पडू नका. माहिती खोटी निघाली तर घेतलेलं खातंही जातं. शिकवणी वर्गाचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र असेल तर ते धंद्याचं आहे, त्यानं शाळेतली नोकरी सिद्ध होत नाही.

मात्र घरात कुणी झेडपीवर गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांना शिक्षक-सवलत हक्कानं मिळते. होमस्कूलिंगचा विषयच काढू नका. ॲपलच्या भारतातल्या नियमात सगळ्या इयत्तांचे शिक्षक बसतात. अडचण वेगळीच असते: झेडपी शाळेचा स्वतःचा ईमेल नसतो आणि ओळखपत्र मराठीत असतं. अशा वेळी मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत पत्र घ्यावं. त्यावर पूर्ण नाव, पद, शाळेचं नाव, जावक क्रमांक, चालू तारीख आणि गोल शिक्का हवा. सोबत अलीकडची पगाराची स्लिप जोडावी. जुन्या तारखेचं पत्र हमखास परत येतं, कारण तपासणाऱ्याला तुम्ही आज नोकरीत आहात का, एवढंच बघायचं असतं.

बाकीच्यांनी विद्यार्थी-सवलतीच्या मागे लागावं. त्यासाठी मुलाचा कुठेतरी प्रवेश हवा. एनआयओएसला, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाला, दहावीसाठी किमान वय 14 लागतं. प्रवेश पक्का झाला की 12 आकडी नोंदणी क्रमांक आणि फोटोचं ओळखपत्र मिळतं, ते डाउनलोड करून ठेवा. 17 नंबर फॉर्मची गत निराळी: त्यावर मूल बोर्डाच्या परीक्षेला खासगी म्हणून बसतं, शाळेत दाखल होत नाही. त्यामुळे बोनाफाईड मागायला गेलं की खेटे पडतात.

कार्ड मिळालं म्हणजे सगळीकडे चालेल असंही नाही. ॲपल विद्यार्थी म्हणून कॉलेजातला धरतं, दहावीतला नाही. मायक्रोसॉफ्टची मोफत ऑफिस योजना शाळेच्या डोमेनचा ईमेल मागते. गिटहब या कोड साठवायच्या साइटची विद्यार्थी योजना मात्र 13 वर्षांपासून आहे आणि तिच्या नियमात होमस्कूल हा शब्द स्पष्ट आहे. कोडिंग करणाऱ्या पोरांनी तिथून सुरुवात करावी.

अर्ज अडकतो तो बहुतेक नावावर. एका कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. खातं उघडताना ओळखपत्रावरचं नाव त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं टाका. फोटोत कार्डाचे चारही कोपरे दिसू द्या.

काही सवलतींना मात्र यातलं काहीच लागत नाही, कारण त्या वयावर असतात. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट आहे, शाळेत असो वा नसो. 66.67 टक्के सवलतीचा विद्यार्थी पास मात्र शाळा-कॉलेजात असल्याशिवाय मिळत नाही. आईला एसटीत अर्धं तिकीट पडतं, ते बाई म्हणून. शिक्षिका म्हणून नाही. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद इथे 15 वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट पडत नाही. आधारची झेरॉक्स जवळ ठेवली की झालं. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, तेवढा वार बघून निघा.