गाभण सांडणीचं वशिंड पाहून फसू नका

बडोद्याच्या आसपास रस्त्याकडेला रबाऱ्यांचे (उंट पाळणाऱ्या पशुपालक समाजाचे) उंट बाभळीचा, कडुनिंबाचा पाला ओरबाडताना दिसतात. त्यांतली एखादी सांडणी गाभण आहे का, हे ओळखायची जुनी खूण आजही उपयोगी पडते. नर जवळ आला की ती शेपूट ताठ वर वळवते. गाभण राहिल्यावर साधारण पंधरवड्यात ही खूण दिसू लागते. पुढे तेरा महिने थांबायचं.

उंटांचा माज हिवाळ्यात येतो. जानेवारीत लागलेली सांडणी पुढच्या फेब्रुवारीत विते. पिल्लाची खरी वाढ शेवटच्या चार महिन्यांत होते, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारीत. नेमकं तेव्हाच पावसाळ्यातलं हिरवं गवत वाळून त्यातली प्रथिनं घटलेली असतात.

उंटाची काटकसर इथे मालकाला चकवते. प्रथिनं कमी मिळाली की त्याची मूत्रपिंडं बराचसा युरिया लघवीत न सोडता रक्तात परत घेतात. तो लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतून पहिल्या कप्प्यात उतरतो. तिथले सूक्ष्मजीव त्यावर वाढतात आणि पुढे आतड्यात तेच पचून उंटाला प्रथिन मिळतं. एवढ्यावर रिकाम्या सांडणीचा निर्वाह होतो, पण पस्तीसेक किलोचं पिल्लू पोसायला ते पुरत नाही. वशिंड भरलेलं दिसतं म्हणून निर्धास्त राहू नये. ते चरबीचं असतं, प्रथिनांचा साठा तिथे नसतो.

५०० किलोच्या सांडणीला रोज सुमारे ९ किलो कोरडा चारा-खुराक लागतो. शेवटच्या चार महिन्यांत त्यात १० ते ११ टक्के प्रथिनं असावीत, म्हणजे दिवसाला जवळपास एक किलो. गव्हाच्या भुश्श्यात जेमतेम ३ टक्के असतात, त्यामुळे नुसत्या भुश्श्यावर हे गणित कधीच जमत नाही. भुईमुगाच्या वाळलेल्या पाल्यात १० टक्क्यांच्या आसपास मिळतात. पाला ६ किलो, भुस्सा दीड किलो आणि खुराक दीड किलो, असा मेळ बसतो.

खुराक घरीच करता येतो. दहा किलोसाठी मक्याचा भरडा ३ किलो, तुरीची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) अडीच किलो, सरकी पेंड २ किलो, भुईमूग पेंड २ किलो, क्षार मिश्रण ३०० ग्रॅम, मीठ २०० ग्रॅम. त्यात प्रथिनं १९-२० टक्के भरतात. बडोद्याजवळच्या वासदची तूरडाळ प्रसिद्ध, त्यामुळे चुनी इथे परकी नाही. खुराक पाव किलोपासून सुरू करून पंधरा दिवसांत दीड किलोवर न्यावा. एकदम धान्य पडलं तर पोटात आम्ल वाढतं आणि जनावर चारा सोडतं. गव्हाणीत चाटायला मीठ वेगळं ठेवावंच, कारण उंटाला ते गायी-म्हशींपेक्षा जास्त लागतं.

भुईमूग पेंड हातात घेऊन वास घ्यावा. कुबट किंवा बुरशी दिसली तर टाकून द्यावी, तिच्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृत बिघडवतं. बाभळीच्या शेंगांवरच भर देऊ नये. त्यांतलं टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं आणि ती पचत नाहीत. गांडा बावळच्या (विलायती बाभळीच्या) शेंगा गोड, पौष्टिक. मात्र बी टणक असल्याने भरडून द्याव्यात.

कोंबड्यांचं खाद्य तर मुळीच नको, स्वस्त मिळालं तरी. त्यात रक्ती हगवणीसाठी घातलेली मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं कोंबडीला चालतात, पण उंटाच्या हृदयाचे आणि पायांचे स्नायू त्यांनी निकामी होतात. जनावर उठू शकत नाही आणि बऱ्याचदा दगावतं.

आता चिकाविषयी. सांडणीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लापर्यंत पोचत नाहीत. जन्मलेल्या पिल्लाची सारी संरक्षक प्रथिनं चिकातूनच यायची असतात आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता दिवसभरात संपते. काही कळपांत चीक पिळून टाकण्याची पद्धत आहे, ती थांबायला हवी. पिल्लू उभं राहिलं की त्याला आचळाला लावावं. सहा तासांत तरी ते प्यायलंच पाहिजे, आणि अशक्तपणामुळे ओढता येत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजावा.