सेलमधली टूथपेस्ट, खडू आणि फ्लोराइडचं भांडण

एकावर एक फ्री दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो, आणि टूथपेस्ट असेल तर विचारही करत नाही, कारण ही काय खराब होणारी वस्तू आहे का असं आपण धरूनच चाललेलो असतो. मागे अशाच एका क्लिअरन्सच्या खोक्यातनं दोन ट्यूबा उचलून आणल्या. सकाळी पहिली दाबली तर आधी ब्रशवर दोन-तीन थेंब पाणीच पडलं, मग पेस्ट आली, तीही जरा रवाळ. मग काय, झोप उडाली आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून ट्यूबच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले. पहिलीवर कॅल्शियम कार्बोनेट, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के, एक्सपायरीला दीड महिना शिल्लक. दुसरीवर समोरच ठळक अक्षरात "फ्लोराइड-फ्री", असं काही अभिमानाने की जणू आतलं विष काढून दिलंय.

आधी ते पाणी सुटण्याचं सांगते. टूथपेस्ट म्हणजे दात घासायला बारीक पूड, पाणी, ओलावा धरून ठेवायला ग्लिसरीन नाहीतर सॉर्बिटॉल, फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट आणि हे सगळं बांधून ठेवायला एक डिंकासारखा पदार्थ. माल जुना झाला किंवा उकाड्यात पडून राहिला की त्या डिंकाची पकड सुटते आणि पाणी वेगळं होतं. दिसायला घाण, पण तेवढ्याने दातांचं काही बिघडत नाही. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे त्या पेस्टमधलं फ्लोराइड अजून कामाचं उरलंय का.

ते काम काय हे एकदा बघू. दाताचं वरचं कवच, इनॅमल, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सीअॅपेटाइट नावाचं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. आपण गोड खाल्लं की दातांवरच्या थरात राहणारे बॅक्टेरिया, त्यातला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स सगळ्यात बदनाम, साखर खाऊन अॅसिड सोडतात. तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते अॅसिड मारते आणि तेच कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसायला लागतं. म्हणजे दिवसभर आपल्या तोंडात पाडकाम आणि बांधकाम दोन्ही चालू असतं, कीड लागते ती पाडकाम जास्त झालं की. लाळेत थोडंसं फ्लोराइड असेल तर बांधकाम लवकर होतं आणि नवीन बसणारा थर फ्लोरअॅपेटाइटच्या, म्हणजे त्याच खनिजाच्या फ्लोराइडवाल्या रूपाच्या, जवळ जाणारा असतो, जो शुद्ध रूपात पीएच साधारण ४.५ पर्यंत टिकतो. शिवाय बॅक्टेरियाच्या अॅसिड बनवण्यातही फ्लोराइड थोडा अडथळा आणतं. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर घडतं, पोटात जाऊन नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या भांडणात कामाला येईल.

आता खडू. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे सरळ खडूच, स्वस्त आणि घासायला चांगला, म्हणून स्वस्त पेस्टमध्ये बहुतेक वेळा तोच असतो. पण कॅल्शियम आणि फ्लोराइडचं एकमेकांवर इतकं प्रेम आहे की साधं सोडियम फ्लोराइड खडूत मिसळलं तर ट्यूबमध्येच दोघं मिळून कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतात, ते विरघळत नाही, म्हणजे लेबलवर फ्लोराइड आहे, ट्यूबमध्येही आहे, पण दाताला मिळत नाही. यावर केमिस्ट लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे मोनोफ्लोरोफॉस्फेट. त्यात फ्लोराइड फॉस्फरसला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे खडूच्या हाती लागत नाही, आणि तोंडात गेल्यावर लाळेतली एन्झाइम्स ते सोडवतात. मला ही आयडिया फार आवडते. फक्त ती कायमची नाही. ट्यूब पडून राहिली की ती गाठ हळूहळू सुटत जाते, गरम जागी जास्त वेगाने, आणि सुटलेलं फ्लोराइड खडू पकडतो. त्यामुळे लॅबमध्ये जुन्या किंवा उष्णतेत ठेवलेल्या खडूवाल्या पेस्ट तपासल्या की एकूण फ्लोराइड तेवढंच भरतं पण विरघळणारं कमी निघतं. खडूऐवजी सिलिकाची, म्हणजे वाळूच्या जातीची, पूड असलेल्या पेस्टमध्ये ही कटकट फारशी नाही, म्हणून तिथे साधं सोडियम फ्लोराइड चालतं. तर सेलमध्ये किंमत का पाडलीये हे बघायचं असेल तर आधी तारीख बघा, आणि पेस्ट खडूची असेल तर जरा जास्तच बघा.

लेबलवरच्या टक्केवारीने मात्र भले भले फसतात. ०.७६ टक्के मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड, यात जास्त कुठलं? दोन्ही सारखेच. कारण टक्के त्या अख्ख्या संयुगाचे असतात आणि त्यातलं निव्वळ फ्लोराइड दोन्हीकडे साधारण १००० पीपीएम भरतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. ०.४५४ टक्के स्टॅनस फ्लोराइड म्हणजे साधारण ११००. म्हणून टक्के सोडा, पीपीएम शोधा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली तीही १००० ते १५०० पीपीएमची. महाग पेस्टमध्ये जे जास्तीचे पैसे जातात ते चव, रंग, पांढरेपणाचे वायदे, डबा आणि जाहिरात यात बरेचसे जातात. १४५० पीपीएमची, तारखेतली, साधी पेस्ट स्वस्तात मिळत असेल तर किडीच्या बाबतीत ती महागड्या बहिणीच्या मागे नाही.

मग लोक फ्लोराइडला इतके घाबरतात कशाला? गोष्ट १९०१ सालची. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला तर तिथे जन्मलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग. वर्षानुवर्षं तो त्याच्या मागे लागला, आणि त्याला दिसलं की हे डागाळलेले दात दिसायला भयंकर आहेत पण त्यांना कीड कमी लागते. संशय पाण्यावर होता, पण पाण्यात काय हे सापडेना. ते सापडलं १९३१ मध्ये आणि तेही भलतीकडेच. अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीला धास्ती होती की लोक अॅल्युमिनियमलाच दोष देतील, म्हणून त्यांचा केमिस्ट एच. व्ही. चर्चिल याने आर्कान्सामधल्या, दातांवर तसेच डाग असलेल्या बॉक्साइट गावाचं पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड निघालं, १३ पीपीएमच्याही वर. मग ट्रेंडली डीन या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यातल्या डेंटिस्टने गावोगावचं पाणी आणि दात ताडून पाहिले आणि १ पीपीएमच्या आसपास कीड कमी, डागही नगण्य, असं गणित मांडलं. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घातलं, जगात पहिल्यांदा. तिथल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून जास्त कमी झाली. टूथपेस्टमध्ये ते रुळलं त्यानंतर, क्रेस्ट ही फ्लोराइडवाली पेस्ट बाजारात आली १९५५ ला.

म्हणजे वाद सुरू झाला तो पाण्यावरनं. पन्नाशीच्या दशकात तर अमेरिकेत हा कम्युनिस्टांचा डाव आहे म्हणणारेही निघाले, त्यांना सोडून देऊ. पण सगळेच आक्षेप येडचाप नाहीत. जास्त फ्लोराइड प्यायलं तर दातांवर डाग येतात, अजून जास्त आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं वाकतात, भारत, चीन, पूर्व आफ्रिका इथल्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यातच ते इतकं आहे की तिथे ते काढून टाकायची धडपड चालते. पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने सांगितलं की या १.५ च्या वर मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो आणि त्यावर त्यांचा मध्यम विश्वास आहे, पण अमेरिकेत घालतात त्या ०.७ बद्दल काही म्हणायला माहिती पुरेशी नाही. व्हॉट्सअॅपवर यातलं पहिलं अर्धंच फिरतं. २०२५ मध्ये युटा राज्याने नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं, पाठोपाठ फ्लोरिडाने. आणि गंमत म्हणजे कॅनडातल्या कॅल्गरीने २०११ ला बंद केलं होतं, मुलांची कीड वाढलेली दिसली, लोकांनी २०२१ ला मत देऊन परत मागितलं आणि २०२५ ला परत सुरू झालं. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्याचं (कॉक्रेन म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) म्हणणं असं की १९७५ नंतरच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा बराच छोटा दिसतो, मुलामागे दुधाचा सरासरी पाव दात कमी किडतो एवढाच, आणि त्याचं मोठं कारण बहुधा हेच की आता फ्लोराइडची पेस्ट घरोघरी आहे.

पाण्यावरचा हा वाद मला खराखुरा वाटतो, त्यावर दोन शहाणी माणसं वेगळं बोलू शकतात. पण तोच वाद उचलून टूथपेस्टच्या ट्यूबवर चिकटवतात तिथे माझा पारा चढतो. पाणी गिळतात, पेस्ट थुंकतात! अपवाद लहान मुलांचा, ती चव आवडली तर मजेत गिळतात, आणि आठेक वर्षांपर्यंत आतले पक्के दात घडत असतात म्हणून डाग येण्याची भीती तेव्हाच असते. यावर उपाय फ्लोराइड सोडणं नाही, पेस्ट कमी घेणं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. वाटाणा म्हणजे पाव ग्रॅम, १००० पीपीएमला ०.२५ मिलिग्रॅम फ्लोराइड. विषबाधेची काळजी सुरू होते ती वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमला, म्हणजे दहा किलोच्या मुलाने अशी पन्नास ग्रॅम पेस्ट एका बैठकीत खाल्ली तर. तेव्हा ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, विषय संपला. जाहिरातीतली ब्रशभर लाट मोठ्यांनाही लागत नाही, ती ट्यूब लवकर संपावी म्हणून असते असा माझा संशय आहे.

स्वस्ताची खरी भीती वेगळीच आहे, नकली माल. २००७ मध्ये पनामात एका माणसाने दुकानात स्वस्त टूथपेस्टच्या ट्यूबवर डायएथिलीन ग्लायकॉल छापलेलं वाचलं आणि दचकला, कारण आदल्याच वर्षी तिथे याच रसायनाने भेसळलेल्या खोकल्याच्या औषधाने माणसं मेली होती. ग्लिसरीनऐवजी हे स्वस्तातलं विष घालत होते, आणि विशेष म्हणजे ते लेबलवर छापलेलं होतं, वाचलं कुणी नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत सवलतीच्या दुकानांत कोलगेटच्या नावाने नकली ट्यूबा सापडल्या, त्यावर स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या, साउथ आफ्रिका हे नावसुद्धा धड नव्हतं. त्यामुळे छपाई गचाळ, बॅच नंबर नाही, तारीख खोडलेली असलं काही दिसलं तर सेल कितीही मोठा असो, हात मागे. ट्यूबच्या शेवटी असते ती रंगीत पट्टी मात्र बघू नका, हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे केमिकल असलं काही नसतं, मशीनच्या सेन्सरला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून ती खूण असते.

माझी ती पाणी सुटलेली ट्यूब मी थोडी दाबून मळून घेतली आणि महिन्याभरात संपवली, बेसिनवरच्या गरम खिडकीत न ठेवता कपाटात ठेवून, आणि घासल्यावर भसाभस चूळ न भरता नुसतं थुंकून, म्हणजे जे काय फ्लोराइड उरलं असेल ते दातांवर थोडा वेळ तरी राहील. फ्लोराइड-फ्रीवालीत हायड्रॉक्सीअॅपेटाइट तरी असेल म्हणून परत एकदा लेबल वाचलं, जपानात तसल्या पेस्ट बरीच वर्षं आहेत आणि त्यावरचे अभ्यास आशादायक आहेत, पण नाही, हिच्यात नुसता खडू आणि लवंगेचा वास. तिने आता बेसिनचा नळ घासते, आरशासारखा निघतो.