जुने गोवे येथील फेस्त : सांगलीहून निघणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सांगली-मिरजेहून आमच्या गाडीने जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, येणाऱ्यांत कॅथलिक कुटुंबांबरोबर नवस फेडायला निघालेले इतर धर्मीयही असतात. त्यांना तेथील रीतीभाती आधीच ठाऊक असाव्यात, यासाठी हे पत्रक काढले आहे.

कॅथलिक धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचे ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निधन झाले. त्यांचे पार्थिव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आले आणि आज ते बॉम जेझस बॅसिलिका या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी संगमरवरी चौथऱ्यावर बरीच उंच ठेवलेली असल्याने पार्थिव जवळून पाहता येईल, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. ती खाली आणून साधारण दहा वर्षांतून एकदा दर्शनासाठी समोरच्या से कॅथेड्रल या चर्चमध्ये नेतात. अलीकडचा असा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

वार्षिक फेस्त ३ डिसेंबरला असते. त्याआधी, २४ नोव्हेंबरपासून, नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची उपासना, चालते आणि त्या काळात रोज प्रार्थना, प्रवचन व मिस्सा (धर्मगुरूंच्या हस्ते होणारा सामूहिक प्रार्थनाविधी) होतात. गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून अनेक भाविक, आपल्याकडील वारकऱ्यांप्रमाणे, पायी येतात. वृद्ध माणसे सोबत असतील, तर मुख्य दिवसाऐवजी नोव्हेनाचे सुरुवातीचे दिवस निवडावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवसाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आवाराबाहेरील विक्रेत्यांकडे मेणबत्त्यांशेजारी मेणाचे हात, पाय, डोळे, तान्हे बाळ, क्वचित घरही मांडलेले असते. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय घ्यावा, तो दुखऱ्या जागी टेकवावा आणि प्रार्थना करून अर्पण करावा, असा प्रघात आहे. मेणबत्त्या मात्र नेमून दिलेल्या जागीच लावाव्यात. वेदीजवळ लावू नयेत.

मिस्सेला कोणीही बसू शकतो. सर्व जण उभे राहतील तेव्हा उभे राहावे. गुडघे टेकणे आपल्या इच्छेवर आहे. धर्मगुरू पवित्र भाकर देऊ लागले की लोक रांगेने पुढे जातात. ही रांग प्रसादाची समजून अनेक जण उठतात. परंतु तो संस्कार केवळ कॅथलिकांसाठी असल्याने इतरांनी शांतपणे जागेवरच बसावे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत.

फेस्ताच्या दिवशी गाडी दूर उभी करून चालत जावे लागते, म्हणून सामान कमीत कमी घ्यावे. बेसन, गूळ, आले आणि तीळ यांचे खाजे फेस्ताच्या जत्रेत सर्वत्र मिळते; ते परतताना घेतले, तर गर्दीत पिशवी सांभाळत फिरावे लागत नाही.