संरक्षण-क्रीडा आणि सेवाश्वान : पैदास व प्रशिक्षण

हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाला शोधणे, आज्ञा होताच पकडणे, आज्ञा होताच सोडणे आणि नंतर त्याच्यावर पहारा देणे, या कामांत कुत्र्याला गुण देणाऱ्या स्पर्धांना संरक्षण-क्रीडा म्हणतात. पोलीस आणि लष्कराच्या श्वानपथकातला कुत्रा हेच काम खऱ्या, बेभान झालेल्या माणसापुढे करतो. दोन्हीकडच्या जाती त्याच आहेत : जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा, डच शेफर्ड, आणि त्यामानाने कमी रॉटवायलर व डोबरमन. बरेचदा घराणीही तीच असतात. म्हणूनच स्पर्धेतला विजेता कुत्रा पथकात चालेलच असे गृहीत धरले जाते, आणि ते अनेकदा चुकते.

दोन्हींचा उगम एकाच काळातला आहे. बेल्जियममधील गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी कुत्रे ठेवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माक्स फोन श्टेफानित्स यांनी जर्मनीत जर्मन शेफर्ड जातीची संघटना स्थापन केली. मेंढपाळीचे काम घटत चालले होते. जातीची कामाची धार टिकवायची तर तिला दुसरे काम हवे, म्हणून त्यांनी हे कुत्रे पोलीस आणि सैन्याकडे वळवले. शुट्झहुंड ही परीक्षा या धडपडीतून आली. करंडक जिंकणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. पैदाशीसाठी कोणता नर, कोणती मादी ठेवावी हे तिच्यावरून ठरवायचे होते.

२०१९ पासून ही परीक्षा आयजीपी या नावाने घेतली जाते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग असून प्रत्येकाला १०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात किमान ७० लागतात. वरच्या पातळीवर मैदानात सहा आडोसे उभे असतात आणि हेल्पर, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस, सहाव्या आडोशात असतो. अनुभवी कुत्र्याला हे पुरते ठाऊक असते, तरी पहिले पाच त्याने आज्ञेप्रमाणे धावत तपासायचे असतात. हेल्परच्या हातावर चावा झेलणारी जाड बाही असते, काठीला मऊ आवरण असते आणि कसोट्यांचा क्रम ठरलेला असतो. फ्रेंच रिंग या दुसऱ्या स्पर्धाप्रकारात हेल्पर अंगभर जाड पोशाख घालतो, चपळाईने अंग चोरतो आणि कुत्र्याला चकवून त्याचे गुण कापतो. माँदिओरिंग या तिसऱ्या प्रकारात मैदानाची मांडणी आणि प्रसंग दर स्पर्धेत बदलतात. नेदरलँड्समधील केएनपीव्ही ही पोलीस-कुत्र्यांच्या परीक्षा घेणारी, १९०७ मध्ये स्थापन झालेली संघटना सेवेच्या सर्वांत जवळची म्हणावी लागेल. तिथे वंशावळीचा कागद लागत नाही, संकरित कुत्रेही परीक्षेला बसतात, आणि प्रमाणपत्र मिळवलेले अनेक कुत्रे देशोदेशीच्या पोलिसांना विकले जातात.

गुण ज्याला मिळतात, पैदास त्याच दिशेने सरकते. परीक्षकाला वेगाने धाव घेणारा, तोंड भरून शांत पकड घेणारा, हँडलरच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसाच्या, चेहऱ्यावर नजर खिळवून चालणारा कुत्रा हवा असतो. यासाठी लागते ती शिकारीची प्रेरणा, म्हणजे पळणाऱ्या वस्तूमागे धावून ती धरण्याची ओढ. पिल्लूपणी चिंध्या, मग दोरखंडाचे खेळणे, मग मऊ उशी आणि शेवटी बाही, अशा पायऱ्यांनी ती वाढवतात. यात गैर काहीच नाही. सेवाश्वानाची सुरुवातही अशीच होते. मात्र केवळ याच प्रेरणेवर पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तर समोरच्या माणसाशी भिडण्याची जिद्द आणि दडपण सोसण्याचा कणखरपणा तपासायचाच राहून जातो.

हा फरक पाहायला साधी कसोटी पुरते. कुत्र्याने बाही पकडली की हेल्पर ती हातातून सोडून देतो आणि दोन पावले मागे सरून कुत्र्यावर ओरडतो. एक कुत्रा बाही तोंडात धरून, शेपटी उंचावून मैदानभर मिरवतो. त्याच्या दृष्टीने काम संपलेले असते. दुसरा बाही टाकून माणसाकडे वळतो. पथकाला हा दुसरा हवा असतो, कारण खऱ्या संशयिताच्या हातावर बाही नसते. तो पळतही नाही. पलंगाखाली श्वास रोखून पडून राहतो. म्हणून सेवेच्या प्रशिक्षणात कपड्यांखाली लपणारी पातळ बाही वापरतात, कुत्र्याला मुसके बांधून साध्या कपड्यांतल्या माणसावर सोडतात, अंधाऱ्या खोल्यांत, पाण्यात, वाहनांत सराव देतात. सराव करणारी माणसेही बदलत ठेवावी लागतात, नाहीतर कुत्रा ठरावीक चेहऱ्यांवरच काम करू लागतो.

पथकासाठी कुत्रा निवडताना चावा बहुधा नंतर पाहिला जातो. आधी त्याला गुळगुळीत फरशीवर आणि खालचे दिसणाऱ्या लोखंडी जाळीच्या जिन्यावर नेतात. नखे घसरू लागताच जो पोट जमिनीला टेकवतो, तो मैदानावर कितीही देखणा असला तरी कामाचा नाही. मग उंच गवतात चेंडू फेकतात आणि तो सापडेपर्यंत कुत्रा किती वेळ नाकाने शोधत राहतो ते पाहतात. वासावरचा हा चिवटपणा सेवेत चाव्याहून कितीतरी जास्त वेळा उपयोगी पडतो, हे आवर्जून सांगायला हवे.

हे गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने पैदाशीतून हळूहळूच सुधारतात, आणि वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले अनुभव त्यांना मोठा आकार देतात. स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी युस्टिस यांनी फॉर्च्युनेट फील्ड्स या आपल्या पैदास-केंद्रात १९२० च्या दशकात केवळ सेवेसाठी जर्मन शेफर्डची पैदास केली. अमेरिकी लष्कर टेक्सासमधील लॅकलँड तळावर मॅलिन्वाची पैदास करते; तिथे जन्मलेल्या पिल्लांच्या नावातले पहिले अक्षर दोनदा लिहितात, आणि प्रशिक्षणाआधी ती स्वयंसेवकांच्या घरी वाढतात. असे कार्यक्रम मोजके आहेत. खाजगी पैदासकाराला पथकातल्या कुत्र्याची कामगिरी सहसा कळत नाही, ती खात्याच्या कागदांत राहते. स्पर्धेचे निकाल मात्र उघडे असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तपासता येतात. त्यामुळे क्रीडेला नाके मुरडणाऱ्या पथकांनाही तिच्यातूनच आलेली घराणी घ्यावी लागतात. कागदावरच्या गुणांवर न थांबता कुत्र्याचे काम आणि त्याच्या भावंडांचे स्वभाव प्रत्यक्ष पाहणारा खरेदीदार यातून चांगला कुत्रा निवडू शकतो.

एका बाबतीत सेवेने क्रीडेकडून शिकायला हवे, ती म्हणजे सोडणे. आयजीपीमध्ये वारंवार आज्ञा देऊनही पकड न सोडणारा कुत्रा बाद होतो. सेवेत त्याच चुकीने माणूस जायबंदी होतो आणि बळाचा वापर वाजवी होता का, हा प्रश्न न्यायालयात जातो. माणूस सापडल्यावर भुंकून रोखून धरायचे की थेट पकडायचे, यावर पोलीस दलांत एकमत नाही. पद्धत कोणतीही असो, झटापटीच्या ऐन भरात हँडलरच्या एका शब्दावर जबडा उघडला पाहिजे, आणि हा सराव प्रमाणपत्र मिळाल्यावर थांबवता येत नाही. अमेरिकेतील अनेक पथके दर महिन्याला किमान १६ तासांचा सराव हा दंडक मानतात.