साथीचे इशारे आणि लोकभावना (बेळगाव सीमाभाग)

साथरोगाविषयीचे सरकारी इशारे व बातम्या ऐकून मनात उमटणारी धास्ती, संशय, लाज, चीड आणि पुढे येणारा बधिरपणा यांचा विचार या नोंदीत केला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी भाषकांत या भावनांना सीमेमुळे वेगळे वळण लागले.

पूर्वी असा इशारा दवंडीने किंवा डांगोऱ्याने गावात पोहोचे. ‘डांगोरा’ हा शब्द कन्नडमधील ‘डंगुर’ शब्दाशी इतका जुळतो की, तो केवळ ध्वनीवरून बनला असे म्हणण्यापेक्षा दोन्ही भाषांच्या शेजारातून रुळला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेला प्लेग पुढे दक्षिणेकडे पसरला, तेव्हा लोकांनी रोगाइतकीच घरझडतीची आणि सक्तीच्या विलगीकरणाची धास्ती घेतली होती. त्यावेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे मुंबई-पुण्याला आणि येथे हुकूम एकाच सरकारचा असे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेल्यावर ही स्थिती पालटली, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १८९७ च्याच साथरोग कायद्याचा आधार घेतला, तरी नियम निरनिराळे निघाले.

घरातील दूरचित्रवाणीवर मुंबई-पुण्याचे आकडे मराठीत ऐकू येत, पण दारावर लागू होणारा आदेश बंगळूरहून कन्नडमध्ये येई. त्यामुळे भीती परक्या आकड्यांची आणि संभ्रम स्वतःच्या गल्लीविषयी, अशी दुहेरी अवस्था होती. महाराष्ट्रात ‘प्रतिबंधित क्षेत्र’ म्हणत, तर इकडे ‘सीलडाऊन’ हाच शब्द तोंडी बसला. कर्नाटकाच्या आरोग्य पत्रकात रुग्णाचे नाव नसे. ‘पी’ या अक्षरापुढे क्रमांक, वय, जिल्हा आणि प्रवास किंवा संपर्क दिलेला असे. तेवढ्यावरून वाचणारे घर ताडू लागत आणि आजाऱ्याच्या वाट्याला उपचाराआधी लाज येई. साथीतील ही जखम सर्वांत खोल म्हणावी लागेल. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी या राज्यसीमेवरील नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल मागितला जाऊ लागला, तेव्हा सोयरिकीसाठी, दवाखान्यासाठी कोल्हापूरकडे ये-जा करणाऱ्यांच्या भीतीची जागा चिडीने घेतली.

‘बंद’ ही कल्पना मात्र गावांना नवी नव्हती. ठरलेल्या दिवशी शेतीची कामे थांबवून ग्रामदेवतेसाठी वार पाळण्याची रीत येथे जुनी आहे. लसीची ओळखही जुनीच: बेळगावातील टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानाचे नाव, तेथे देवीच्या रोगाची लस तयार होत असे त्या काळापासूनचे आहे.