काम जातं मग तब्येत जाते, पण नेहमीच नाही

मंदी आली की लोक आजारी पडतात असं आपण धरूनच चालतो, पण आकडे एवढे सरळ नाहीत बरं का. ख्रिस्तोफर रूम या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं २००० साली दाखवलं की तिकडं मंदीत एकूण मृत्यू उलट थोडे कमी होतात, रस्त्यावरचे अपघात घटतात वगैरे, आत्महत्या तेवढ्या वाढतात. आणि रशियात बघा, सोव्हिएत व्यवस्था कोसळली तसं पुरुषांचं सरासरी आयुष्य १९९० च्या साधारण ६४ वर्षांवरून १९९४ पर्यंत ५८ च्या खाली आलं, त्यात दारूचा मोठा वाटा. मला वाटतं काम गेल्यावर पुढच्या आठवड्यात घरात काय येतं यावर सगळा खेळ आहे.

आपल्याकडं ७२ च्या दुष्काळात हेच दिसलं. शेतात काम उरलं नव्हतं, मग सरकारनं पाझर तलाव, रस्ते, खडी फोडायची कामं काढली, मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. सुकडी (वाटपातलं पौष्टिक पीठ) आणि तो लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाऊन दिवस काढल्याचं म्हातारी माणसं अजून सांगतात. हाल खूप झाले, पण इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळासारखे भूकबळींचे ढीग पडले नाहीत. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागेंची रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू.

पण नुसतं काम मिळून भागत नाही, बीडकडं बघा. दिवाळीनंतर गावात काम नाही म्हणून उचल (आगाऊ पैसे) घेऊन नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाते, खाडा पडला, एक दिवस काम चुकलं, की मुकादम पैसे कापतो, मग पाळीचा त्रास, पोटातलं दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी डॉक्टर म्हणतो गर्भाची पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर आलेला आकडा असा की तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कागदावर या बायका बेरोजगार नाहीत!

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा या कारखान्यांच्या वसाहतींची गोष्ट वेगळी. तिथं दवाखाना पगाराला बांधलेला, नोकरी गेली की काही महिन्यांत ईएसआयचा (पगारातून वर्गणी कापून मिळणाऱ्या कामगार विम्याचा) हक्क संपतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. २०१८ पासून याच विम्याच्या अटल बीमित योजनेत बेकारांना ९० दिवसांपर्यंत थोडे पैसे मिळतात, पण गुत्तेदारानं (कंत्राटदारानं) वर्गणीच भरली नसेल तर त्या कामगाराला यातलं काहीच लागू होत नाही.