बाटलीवर ग्राफीन, आत ग्रॅफाइट?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की हल्ली विचारतात, "इंजिन ऑइलमध्ये ग्राफीन टाकू का? ॲव्हरेज वाढेल." मी त्या ग्राफीनवाल्या तेलाची बाटली घरी आणून आठवडाभर फडताळात उभी ठेवली. वरचं तेल निवळलं, तळाशी काळा गाळ बसला.

मूळ माल एकच, कार्बन. पेन्सिलीतलं 'शिसं' म्हणजे ग्रॅफाइट. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणूनच कागदावर रेघ उमटते. त्यातला एकच थर, एका अणूच्या जाडीचा, सुटा काढला की झालं ग्राफीन. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर बसतात. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रॅफाइट ग्रीस लावतात, तिथे जाडाभरडा कण चालून जातो. इंजिनात नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थबकतो, तेव्हा रिंग आणि सिलिंडर यांच्यातला तेलाचा थर अगदी विरतो. अशा जागी पातळ पापुद्रा खरंच कामाचा. पण बेअरिंगमध्ये शाफ्ट तेलावरच तरंगत असतो. तिथे पापुद्र्याला काही काम नाही, तेल किती घट्ट यावरच सगळं. इंजिनातल्या घर्षणाचा मोठा वाटा याच दुसऱ्या प्रकारचा. मग ॲव्हरेज किती वाढणार? टायरमधली हवा आणि सिग्नलचे थांबे त्याहून जास्त फरक पाडतात, तेव्हा एका टाकीच्या हिशोबावर जाऊ नका.

खरी गोम पुढे आहे. ग्राफीनचे पापुद्रे तेलात एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, म्हणजे परत ग्रॅफाइटच्याच वाटेला लागतात. त्यामुळे गाळ दिसला म्हणून बाटलीत ग्राफीन नव्हतंच, असं म्हणता येत नाही. पण सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरच्या ६० उत्पादकांचं 'ग्राफीन' तपासलं, तेव्हा बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी बराचसा माल ग्रॅफाइटची बारीक भुकटी.

बाइकवाल्यांनी तर जास्तच जपावं. बहुतेक बाइकमध्ये क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्यांना घर्षण हवं असतं. म्हणून तर बाइकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' ही, तेल अशा क्लचला चालतं असं सांगणारी जपानी खूण छापलेली असते. वरून काही गुळगुळीत ओतलं की क्लच घसरायची भीती.

बाटली परत केली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "अहो साहेब, हलवून टाकायची असते ती."